डावा खांदा

शनिवार, ४ जानेवारी

चंपतरावांचा पुतळा पौष अमावास्येला जाळायचा, हे नक्की झालं. बुधवार, २९ तारीख. जगदेव सरांनी स्वतः फोन करून सांगितलं. विधी करणारे गुरुजी मंगरुळपीरहून येणार, पळसाची तीनशे साठ पानं सरांचा मुलगा मुकेश आणणार.

सरांचा आवाज नेहमीसारखाच होता, कोबीचा भाव सांगावा तसा. शेवटी म्हणाले, उद्याचा धडा मात्र चुकवू नको पोरी. चोपन्न वर्षांची पोरी मी! शाळेत त्यांनीच मला चित्रकला शिकवली आणि एलिमेंट्रीच्या परीक्षेत 'सी' श्रेणीवर सोडलं.

चंपतराव म्हणजे सरांचे धाकटे भाऊ. आसेगावचा भाजीचा मळा तेच पाहायचे. बारा वर्षांपूर्वी, पौषातच, वांग्याचं पोतं खांद्यावर घेऊन मंगरूळच्या बाजाराला गेले. वांगी विकली गेली, माणूस परतला नाही. प्रेत नाही, पत्र नाही, कुणाला दिसल्याची खबर नाही. 'इसम बेपत्ता' ही चार ओळींची बातमी तेव्हा मीच दिली होती. अशा माणसाची बारा वर्षं वाट पाहायची, मग पानांचा माणूस बांधून त्याला अग्नी द्यायचा, ही आमच्याकडची रीत. त्या दिवशी त्याची बायको विधवा होते.

ती बायको म्हणजे आवडाबाई. सरांच्याच घरी राहतात. मोठं, गोल, ठसठशीत कुंकू लावतात. 'बिंदू'च्या धड्याला सरांनी तेच दाखवलं होतं. कागदावर एक बिंदू ठेवला की साऱ्या कागदाला मध्य मिळतो, म्हणाले.

आमच्या दैनिकाच्या पुरवणीतल्या लेखमालेचे पाच भाग अजून बाकी आहेत. 'चित्र पाहायला शिका' — सात गुरुवार, सात मूलघटक. अकोल्याहून संपादकांचं फर्मान आलं: साडेतीनशे शब्द, एक चौकट, मुलांना कळेल असं. मला स्वतःला कळलं पाहिजे ना आधी! म्हणून हे रविवार. बिंदू आणि रेषा छापून झाले. उद्या आकार.

रविवार, ५ जानेवारी

आकार.

सरांच्या ओसरीवर खांबाशी माझी बसायची जागा. समोर अंगण. उजव्या हाताला आवडाबाई वांगी निवडत बसलेल्या. त्यांच्या पलीकडे कडुलिंब आणि त्याचा ओटा. सगळ्यात मागे दगडी खांबांतलं पत्र्याचं फाटक, पलीकडे रस्ता.

सर म्हणाले, आज वस्तू काढायच्याच नाहीत. फाटक काढू नको, झाड काढू नको. त्यांच्या मधली रिकामी जागा तेवढी पेन्सिलीनं काळी कर. वस्तू आपोआप पांढऱ्या उरतील. "जे माहीत आहे ते काढू नको. जे दिसते ते काढ."

तासभर काळं करत होते. विचित्र काम आहे. हळूहळू झाडाचं झाडपण जातं, बाईचं बाईपण जातं, फक्त कडा उरतात. लेखाला चांगली सुरुवात मिळाली म्हणून मी खूश होते.

मग कागद हात लांब करून धरला. फाटक आणि लिंबाच्या मधल्या पोकळीत एक माणूस उभा होता.

पुरुष. डोकं, मान, दोन खांदे, सैल सदरा असावा तसा घेर. एक खांदा खाली — कागदाच्या डाव्या बाजूचा. मी माणूस काढलेला नाही. मी फक्त झाड आणि फाटक टाळलं होतं.

समोर पाहिलं. फाटक, लिंब आणि मधे ऊन.

सरांनी कागद नाकाला टेकवून पाहिला. मोतीबिंदू झालाय, ऑपरेशन टाळत आले आहेत. बराच वेळ पाहिला. "आकार बरा जमला," एवढंच म्हणाले. कागद आवडाबाईंना दाखवला नाही.

सोमवार, ६ जानेवारी

काल निघताना त्याच जागेवरून मोबाईलवर फोटो काढला होता. आज कार्यालयात मोठा करून पाहिला. फाटक आणि लिंबाच्या मधली पोकळी ही पोकळीच आहे. फार तर उभी ठेवलेली सुरई म्हणता येईल.

हाताला सवय नाही. चुकून झालं असणार. सहज होतं असं.

गुरुवार, ९ जानेवारी

'आकार' छापून आला. चित्र माझं दिलं नाही. फूल आणि फुलदाणी दिली.

रविवार, १२ जानेवारी

रंग. पण सुरुवातीला हात चालावा म्हणून सरांनी पुन्हा तेच करायला लावलं. जागा तीच, रिकामं तेवढं काळं.

या वेळी मी ठरवून कागद उलटा धरला. म्हणजे फाटक खाली, जमीन वर. मनाला काही जुळवता येऊ नये म्हणून. चाळीस मिनिटांनी सुलटा केला.

तो फाटकाशी नाही. लिंबाजवळ आला आहे. ओट्याला लागून उभा. पहिल्यापेक्षा बोटभर मोठा. खांदा तसाच, कागदाच्या डाव्या बाजूचा खाली.

आवडाबाई चहा घेऊन मागे कधी आल्या, कळलं नाही. कप हिंदकळला नाही. फक्त म्हणाल्या, "डावा खांदा. असेच येत होते. तुमीच तं छापलं होतं ताई, डावा खांदा खाली म्हणून."

मला बातमी शब्दशः आठवत नव्हती. असेल. त्यांनी सांगितलं तेच लिहिलं असणार.

सरांना विचारलं, चंपतरावांचा खांदा खरंच खाली होता? सर मळ्याकडे पाहत राहिले. पस्तीस वर्षं पोरांना 'नीट पाहा' म्हणून पट्ट्या मारल्या, म्हणाले, अन् सख्ख्या भावाचा खांदा कधी पाह्यला नाही. भाऊ होता तो. पाहाचं काय त्याले?

मग रंगाचा धडा झाला. लाल जवळ येतो, निळा लांब जातो. लाल मिरच्यांचं वाळवण त्यांनी दाखवलं आणि मागची निळसर टेकडी. मी सगळं टिपून घेतलं. अक्षर बरं आलंय.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. मंगरूळला बातमीचं काम होतं, तिथून आसेगावला जाऊन आले. आवडाबाईंनी हळदीकुंकू केलं होतं. बायका आल्या, पण वाण घेताना नजर टाळत होत्या. पुढच्या संक्रांतीला ही बाई या रांगेत नसणार, हे सगळ्यांना ठाऊक.

वाण म्हणून छोटा गोल आरसा मिळाला. पर्समध्ये टाकला.

बायका गेल्यावर मी त्यांना म्हटलं, ग्रामपंचायतीचा ठराव आहे, कुंकू पुसायची सक्ती कुणी करू शकत नाही. त्या ठरावाची बातमीही मीच दिली होती. आवडाबाई तिळाची ताटली पुसत होत्या.

"ठराव गावाचा हाय ताई, कपाळ माह्यं. ते मेले असतीन तं मी सोताच पुसतो. जिते असतीन तं पुसाची कोणाच्या बापाची टाप नाई. पन मले कोनी सांगत काहून नाई, मेले का जिते?"

मी पत्रकार. तीस वर्षं लोकांना काय झालं ते सांगत आले. पर्स उचलली आणि गाडी गाठली.

रविवार, १९ जानेवारी

छायाप्रकाश. सर म्हणतात, छाया वस्तूची नसते, उजेड अडल्याची असते. काही अडवायला असल्याशिवाय छाया पडत नाही. वाक्य उत्तम आहे, चौकटीत टाकेन.

आधी नेहमीचं काळं काम. या वेळी मला काढायचं नव्हतं. सर म्हणाले, काढ.

तो लिंबाच्या ओट्यावर बसला आहे. एक गुडघा वर घेतलेला. दम खायला बसावं तसा.

मुकेश मळ्यातून आला होता. हल्ली सगळा मळा तोच करतो. हसरा, बडबड्या मुलगा आहे. मागच्या रविवारी त्यालाही पेन्सिल दिली होती. त्याच्या कागदावर वांगी उमटली आणि वर म्हणाला, ताई, मले सपनातबी वांगेच दिसतेत. आज मात्र त्यानं माझे तिन्ही कागद ओसरीवर ओळीनं मांडले. फाटक, लिंब, ओटा.

"म्हंजे काका येऊन राह्यले," तो म्हणाला. मग थांबला. बोट कागदाच्या डाव्या खांद्यावर ठेवून स्वतः उठून उभा राहिला, आमच्याकडे तोंड करून. डावा खांदा खाली पाडला. तो आमच्या उजव्या हाताला आला. चित्रात तसा नाही. मग त्यानं पाठ फिरवली. आता डावा खांदा आमच्या डाव्या हाताला. चित्रात आहे तसाच.

"पाठ आमच्याकडं, अन् येऊन राह्यले आमच्याचकडं?" आता तो हसत नव्हता. "हे तं उलट्या पायाचं काम झालं."

उलटे पाय कुणाचे असतात हे लहान पोरालाही ठाऊक असतं.

सर म्हणाले, काळ्या आकाराले तोंड नसते. बाह्यरेषेत पाठ अन् तोंड एकच. त्यावरून काही ठरवू नका. पण ते जगदेव सर बोलत नव्हते, धडा बोलत होता.

आवडाबाईंनी निवडलेली वांगी परत पोत्यात भरली. तोंड बांधलं. सुतळीला दोन गाठी मारल्या.

"मंग जाळा," म्हणाल्या.

सोमवार, २० जानेवारी

चित्रं कपाटाच्या मागे ठेवली, भिंतीकडे तोंड करून. तोंड म्हणजे काय पण!

गुरुवार, २३ जानेवारी

संपादकांचा फोन. मालेला वाचक चांगले आहेत, मुलं चित्रं पाठवतायत. तुम्हीही काही काढता का, विचारलं. नाही म्हटलं.

मुकेशचा निरोप आला. पानं मिळाली. या दिवसांत पळस झडायला लागतो, चांगली पानं शोधत मानोऱ्याच्या बाजूला जावं लागलं त्याला.

रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदनाची बातमी देऊन दुपारच्या गाडीनं गेले.

पोत. पुतळ्याची पानं ओसरीवर पसरलेली होती. सरांनी त्यांतलंच एक उचलून माझ्या कागदाखाली ठेवलं आणि वरून कोळसा घासायला सांगितला. कागदावर पानाच्या शिरा उमटल्या. पोत डोळ्यानं कळतो, पण तो हाताचा असतो. आंधळ्यालाही दिसतो. शेवटचं वाक्य हसत म्हणाले.

मग नेहमीची जागा, नेहमीचं काम. शेवटचंच म्हणून मी कोळशानं केलं, लवकर आटपावं म्हणून.

आज त्याला ओळखायला वेळ लागला, कारण डोकं कागदात मावलं नाही. आवडाबाई आणि माझ्या डावीकडचा ओसरीचा खांब यांच्या मधली जागा. म्हणजे आवडाबाईंच्या अलीकडे! कागदभर फक्त खांदे. रुंद, काळे. डावीकडचा खाली.

मी कागद पालथा घातला. तोंडावरचा घाम पुसला.

आवडाबाई समोरून पाहत होत्या. मला वाटलं चित्राचं विचारतील. त्या म्हणाल्या, "ताई, गालाले काळं लागलं. डाव्या."

मी डावा गाल पुसला.

"तो नाई. डावा!"

पुन्हा डावाच पुसला, जोरात. त्यांना हसू आलं. कित्येक दिवसांनी आलं असेल. "अवो डावा म्हनलं नं, डावा!" उठून आल्या आणि पदरानं माझा गाल पुसला.

उजवा.

पर्समधून संक्रांतीचा आरसा काढला. काळा डाग उजव्या गालावर, अर्धा पुसलेला. डावा गाल स्वच्छ, घासून लाल झालेला.

मी त्यांना समोर उभं केलं. म्हटलं, माझा डावा हात दाखवा. त्यांनी माझा उजवा हात धरला. त्यांच्या डाव्या हाताच्या समोर येतो तो. आवडाबाई समोरच्याचं डावं-उजवं आपल्या हातावरून सांगतात. साठीला आल्या, आजवर कुणाच्या लक्षात आलं नाही. यायचं कारणच काय?

या बाईनं नवऱ्याला नेहमी फाटकातून आत येताना पाहिलं. तोंड तिच्याकडे. तिच्या डावीकडचा खांदा खाली.

तिच्या डावीकडचा.

सोमवार, २७ जानेवारी

एका तोंडाचं खरं मानायचं नाही, ही तीस वर्षांची शिस्त. सकाळीच मंगरूळ बाजार गाठला. गोविंदसिंग हमाल अजून आहे, सत्तरीच्या पुढं गेलाय. ओझं उचलत नाही, पण पहाटेपासून येऊन बसतो. चंपतरावांचं नाव काढताच ओळखलं. मी खांद्याबद्दल काही सुचवलं नाही, फक्त विचारलं, पोतं कसं न्यायचे?

"कसं म्हंजे? उतरवत मीच होतो, रिकामं चढवतबी मीच होतो. उजवा खांदा. एकडाव मस्करीनं डाव्यावर ठेवलं, तं म्हने, गोविंदा, हा खांदा नवा हाय, जुन्यावर ठेव." स्वतःच्या उजव्या खांद्यावर थाप मारली त्यानं. "वाकला होता तो. दुरून पाह्यला तरी कळे, चंपत चालला."

दुसऱ्या सूत्राकडून खात्री झाली. उजवा.

म्हणजे चित्रातला माणूस पाठमोरा नाही. तोंड आमच्याकडे आहे. सरळ पायांनी येतो आहे.

बसस्टँडवर हे मनात आलं आणि पाच मिनिटं फार बरं वाटलं. मग दुसरी गोष्ट लक्षात आली आणि वाशीमची गाडी समोरून गेली तरी मी उठले नाही.

घरी येऊन जुन्या कात्रणांची पेटी काढली. मिळालं. पिवळं पडलंय. '…वय अंदाजे पन्नास, अंगात पांढरा सदरा, डावा खांदा किंचित खाली झुकलेला, ही ठळक खूण.' ठळक हा शब्द माझा. फोटो नव्हता. लग्नातला एकच होता, तो ओल लागून गेला होता. म्हणून तर खूण हवी होती.

मला तो दिवस आठवतो. आवडाबाईंनी सांगितलं, मी लिहिलं. पोलिसांकडे जाऊन तक्रार पाहिली, तिथेही 'डावा'. दोन सूत्रं जुळली म्हणून समाधानानं बातमी पाठवली. वेळेच्या आधी! पोलिसांनाही आवडाबाईंनीच सांगितलं होतं. दोन्हीचं मूळ एकच तोंड.

बारा वर्षं आम्ही सगळे अशा माणसाला शोधत होतो, जो नव्हताच.

मंगळवार, २८ जानेवारी

दोन कामं केली.

एक — दुरुस्ती दिली. जिल्हा पानावर, चौकटीत, सुधारित वर्णनासह. तीच मजकुराची पट्टी विदर्भातल्या सगळ्या ओळखीच्या बातमीदारांना मोबाईलवर पाठवली. आश्रम, दवाखाने, मंदिरं, धर्मशाळा — कुठं उजव्या खांद्याचा बेवारस माणूस असेल तर कळवा. बारा वर्षांनी दुरुस्ती. इतकी उशिरा मी काहीच दिलेलं नाही.

दोन — आसेगावला जाऊन सांगितलं. सगळं. कात्रण दाखवलं. चूक माझी आहे, म्हटलं.

सर म्हणाले, चित्रावरून तिथी पुढं ढकलायची का पोरी? मी म्हटलं, चित्र बाजूला ठेवा. चुकीच्या खुणेवर शोध झाला, म्हणजे शोध झालाच नाही. ज्याला शोधलंच नाही त्याला जाळायचं कसं?

सर उठले आणि गुरुजींना फोन लावायला आत गेले.

आवडाबाई कात्रण हातात धरून होत्या. वाचता येत नाही त्यांना. अक्षरांवरून बोट फिरवलं, पोत पाहावा तसं. मला वाटलं शिव्या देतील. मी तयार होते.

"मी तुमाले डावा सांगतला, तुमी डावा लिवला. तुमचं काय चुकलं?" कात्रणाची घडी घालत म्हणाल्या, "मंग ते येऊन राह्यले तं तोंड इकडंच हाय नं?"

मी हो म्हटलं.

हे म्हणायला नको होतं. माझ्याकडे खांद्याची खात्री होती, येण्याची नव्हती. पण म्हटलं.

बुधवार, २९ जानेवारी

अमावास्या. पुतळा झाला नाही.

मुकेशनं फोनवर सांगितलं: काकूनं सकाळीच ती पानं घेतली आणि पत्रावळी लावत बसली. काड्या टोचून, गोल, नीट. तीनशे साठ पानांच्या किती होतील, हे तोच मला विचारत होता. एवढ्या कायले, म्हणून त्यानं तिला विचारलं. तर म्हणे, ते येतीन तं गावाले जेवू घालावं लागंल.

मोठं कुंकू लावलंय, म्हणाला. नेहमीपेक्षा मोठं.

'पोत'चा लेख पाठवला. शब्द बरोबर साडेतीनशे.

शनिवार, १ फेब्रुवारी

दुरुस्ती पोचली आणि अमरावतीकडच्या एका आश्रमातून फोन आला. बोलणाऱ्या केशरबाई, तिथलं स्वयंपाकघर पाहतात. नोंदवही कुणाकडून तरी वाचून घेऊन त्यांनी खात्री दिली. बारा वर्षांपूर्वीच्या पौषात रस्त्याकडेला सापडलेला माणूस. डोक्याला मार, वाचा गेलेली. उजवा खांदा खाली. त्याच वर्षी कुणीतरी माझी बातमी आणून ताडूनही पाहिली होती. पुढे शेरा आहे: 'खूण जुळत नाही.'

वांगी समोर ठेवली की निवडायचा, म्हणाल्या. किडकी वेगळी काढायचा. बाकी वेळ फाटकाशी.

वारला. शनिवारी सकाळी, चार जानेवारीला. अस्थी मडक्यात घालून आश्रमातल्या झाडाला बांधून ठेवल्या आहेत.

मी ही वही मागं उलटून तारखा पाहिल्या. पहिलं चित्र पाच जानेवारीचं.

मुकेशला फोनवर कळवलं, सोमवारी तो अस्थी आणायला जाईल. उद्या सकाळच्या एसटीनं मी आसेगावला जाते आहे. आवडाबाईंना मलाच सांगायचं आहे. त्यानंतर सर शेवटचा धडा घेतील. अवकाश. नेहमीच्या जागी बसून, रिकामं तेवढं काळं करायचं.

फाटक झालं, लिंब झाला, ओटा झाला. गेल्या रविवारी आवडाबाईसुद्धा मागं राहिल्या. आता पुढं ओसरीवर फक्त माझी जागा उरली आहे.